सरावाचा जबडा

१

दात कोरून पोट भरत नाही, असं म्हणतात. या बाईचं मात्र पंचवीस वर्षं त्यावरच भरत होतं, आणि तिच्या लेकीचंही. हार्डवेअरच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत मायलेकी राहायच्या आणि मागच्या खोलीत दात तयार व्हायचे. कॅप, ब्रिज, अर्ध्या कवळ्या, पूर्ण कवळ्या, सगळं काही. गल्लीत तिला कवळीवाली म्हणत. तिला त्याचा राग नव्हता. उलट तिच्याशी बोलताना लोक नकळत तोंडावर हात धरायचे, त्याची तिला गंमत वाटायची.

सकाळी दहाला दवाखान्यातून डबा यायचा. त्यात रोग्यांच्या तोंडाची मापं असायची आणि प्रत्येक मापाला रबरबँडनं बांधलेली चिठ्ठी. कोणता दात, कोणता रंग, कधीपर्यंत हवा. ती मापात प्लास्टर ओतायची. प्लास्टर हातातल्या हातात कोमट व्हायचं, मग गार पडायचं, आणि माप सोडवलं की कुणाचं तरी तोंड टेबलावर उभं राहायचं. माणूस तिला कधी दिसत नसे. पण कोण उजवीकडून चावतं, कोण झोपेत दात खातं, कोण खिळे तोंडात धरतं, हे तिला त्याच्या बायकोच्या आधी कळायचं.

टेबलासमोरच्या भिंतीवर एका खिळ्याला प्लास्टरचा पिवळट जबडा टांगलेला होता. वरचा आणि खालचा, तारेनं जोडलेला. ज्या मास्तरांकडे ती हे काम शिकली, त्यांनी तो दिला होता. त्यांची पद्धतच तशी होती. शिकाऊ माणसानं तो जबडा मेणात चाळीस वेळा कोरायचा. एकेचाळिसाव्या दिवशी मास्तर त्याच जबड्याची एक प्रत ओतून हातात ठेवायचे आणि म्हणायचे, जा, आता पोटाला लाग. जबडा मूळ कुणाचा, हे मास्तरांनाही माहीत नव्हतं. त्यांना तो त्यांच्या मास्तरांनी दिलेला.

त्या जबड्यात दोन खोडी होत्या. वर समोरच्या दोन मोठ्या दातांच्या डाव्या अंगाला जो लहान दात असतो, त्याच्या कोपऱ्याचा टवका उडालेला होता. आणि खालचा उजवा सुळा जरा बाहेर वळलेला होता, दाराआडून डोकावल्यासारखा. चाळीस वेळा कोरल्यामुळे या दोन्ही खोडी तिच्या बोटांना पाठ होत्या.

त्या मंगळवारी डब्यात एका निवृत्त बसकंडक्टरचं माप होतं. सहा महिन्यांपूर्वी तिनं त्यांच्या खालच्या दाढेला कॅप केली होती, आता वरची दाढ करायची होती. तिनं प्लास्टर ओतलं, सोडवलं आणि सवयीनं बोट फिरवलं. खालच्या उजव्या सुळ्यावर बोट अडकलं. सुळा बाहेर वळलेला होता.

ती प्रत्येकाचा जुना साचा वर्षभर बुटांच्या खोक्यात ठेवायची, कॅप फुटली तर पुन्हा करायला बरं म्हणून. तिनं कंडक्टरांचा सहा महिन्यांपूर्वीचा साचा काढला. त्यात सुळा सरळ होता. हा दात काही तिनं केलेला नव्हता. तो कंडक्टरांचा स्वतःचा, साठ वर्षांचा, मुळाचा दात होता.

वयानं दात हलतात, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि मेण तापवायला ठेवलं.

२

त्याच आठवड्यात लेक सायकलवरून पडली.

लेकीचं घरातलं नाव खारू. समोरच्या दोन दातांत फट, म्हणून लहानपणापासून खारूताई, आणि पुढे नुसतीच खारू. ही फट तिच्या बापाची. तो गेला तेव्हा ती चार वर्षांची होती. त्यानं मागे फारसं काही ठेवलं नाही. फोटोही धड नाही, हलल्यामुळे अंधूक आलेला. पण त्या फटीतून तो जी शीळ घालायचा, ती लेकीला आपोआप यायला लागली. बाहेरून आली की जिन्याच्या तळाशी उभी राहून खारू शीळ घालायची आणि आई वरून किल्ली टाकायची. वीस वर्षं रोज तेच. ती शीळ ऐकली की आईला बरं वाटायचं.

पडली त्यात फट वाचली. शेजारचा, डावीकडचा लहान दात मात्र मुळासकट निघून रस्त्यावर पडला, आणि खारू तो शोधेपर्यंत त्यावरून टेम्पो गेला.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. दाताची खाच पूर्ण रिकामी होती, मुळाचा कणही मागे राहिलेला नव्हता.

"तीन रस्ते आहेत," डॉक्टर म्हणाले. "ब्रिज करू शकतो. त्यासाठी शेजारचे दोन्ही दात घासून बारीक करावे लागतील."

"ते तर चांगले आहेत ना?" खारू म्हणाली. "त्यांनी काय घोडं मारलंय?"

"मग इम्प्लांट. हाडात स्क्रू बसवायचा, त्यावर दात. पण आधी हाड भरून यायला हवं, चार-पाच महिने धर. आणि तोवर काढ-घालीची प्लेट. आई करेलच."

"मला चार आठवड्यांत शाळेत रुजू व्हायचंय, डॉक्टर. पहिली नोकरी आहे. पन्नास पोरांसमोर उभं राहायचंय."

"मग प्लेट. आणि तुझ्या आईच्या हाताचा दात म्हणजे काय, पोरांना शोधूनही सापडायचा नाही."

आईनं तयार दातांच्या पट्टीकडे पाहिलंच नाही. लेकीचा दात तिनं स्वतः कोरला, दोन दिवस खपून. कड सरळ, कोपरा अभंग, रंग शेजारच्या दाताशी तंतोतंत. टाळ्याला चिकटणारी गुलाबी पातळ प्लेट, त्यावर तो एकच दात. खारूनं ती बसवली, आरशात पाहिलं, आणि आईच्या गळ्यात पडली.

"आई, पडलेच नव्हते गं मी!"

आईनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि भरून पाहून घेतलं.

३

पुढच्या पंधरवड्यात डब्यातून एका शिवणकाम करणाऱ्या बाईचं माप आलं. चिठ्ठीवर वय पस्तीस. मागच्या वर्षी वरच्या दाढेची एक कॅप. तिचाही खालचा उजवा सुळा बाहेर वळलेला होता. वरच्या लहान डाव्या दाताच्या कोपऱ्याचा टवका गेलेला होता.

शिवणारी बाई दातानं दोरा तोडत असणार, टवका उडणारच. आई स्वतःशी असं म्हणाली आणि पुढच्याच क्षणी तिला आठवलं की दोरा तोडून समोरच्या मोठ्या दातांना खाच पडते, बाजूच्या लहान दाताला नाही. पंचवीस वर्षांच्या कामाशी खोटं बोलता येत नाही.

तिनं बुटांची सगळी खोकी खाली काढली. जुनं आणि नवं असं दोनदा माप आलेली सात माणसं निघाली. तिनं ते चौदा साचे टेबलावर दोन रांगांत मांडले. मागच्या रांगेत सात वेगवेगळी तोंडं होती. कुणाचे दात दाटीवाटीनं, कुणाचे विरळ, कुणाचा जबडा पुढे आलेला. पुढच्या रांगेतली तोंडं सारखी होती. अगदी तंतोतंत नाही. कंडक्टरांची अजून थोडी रुंद होती, शिवणाऱ्या बाईंची थोडी निमुळती. पण एखाद्या घरातली भावंडं जशी एका वळणावर जातात, तशी.

मग तिनं भिंतीवरचा जबडा उतरवला, कॅलिपर घेतला आणि मोजू लागली. सुळ्याचा कोन, टवक्याची लांबी, दाढांमधलं अंतर. बाहेर दुपारचं ऊन होतं, खाली दुकानात कुणीतरी पत्रा कापत होतं. तिनं प्रत्येक माप दोनदा घेतलं आणि कागदावर लिहिलं. शेवटच्या आकड्यापाशी पेन्सिलीचं टोक मोडलं.

तिनं डॉक्टरांना फोन केला.

"दात जागा बदलतात, ताई. एक दात पडला की शेजारचे सरकतात. तुम्हाला मी काय सांगायचं?"

"सगळ्यांचे एकाच जागी सरकतात?"

"तुम्ही थकलाय. आणि खरं सांगू? तुमच्या कामाबद्दल एकही तक्रार नाही माझ्याकडे. सगळे म्हणतात, तुमचा दात जन्मापासून आपलाच असल्यासारखा बसतो."

तिला हेच नको होतं. इतक्या वर्षांत कुणाची एकही तक्रार कशी येत नाही, हा प्रश्न तिला त्या दिवशी पहिल्यांदा पडला.

४

डोक्यात भुंगा लागला की ती स्वस्थ बसणारी बाई नव्हती. दुसऱ्या दिवशी ती थेट दवाखान्यात गेली आणि बाहेरच्या खोलीत बाकावर बसून राहिली, जणू तिचाच नंबर यायचा आहे.

खोली नेहमीचीच होती. भिंतीला हिरवट रंग, कोपऱ्यात पाण्याचं यंत्र, वर टांगलेला आवाज बंद केलेला टीव्ही. आत ड्रिलचा बारीक आवाज येत होता. बाकांवर तीन माणसं बसली होती. खाकी पिशवी मांडीवर घेतलेले एक आजोबा, बोटाला टाचणीच्या खुणा असलेली एक बाई, आणि पेढीवरचा एक तरुण कारकून, गळ्यात ओळखपत्र. तिनं तिघांनाही आधी कधी पाहिलं नव्हतं. पण तिघांनाही ओळखलं.

"आजोबा, कंडक्टर होतात ना?"

"होतो की! तुम्हाला कसं कळलं?"

"अशीच पिशवी धरायची सवय असते त्यांना."

आजोबा खूश झाले. तेवढ्यात टीव्हीवर एका गुबगुबीत कुत्र्यानं सोफ्यावर उडी मारली आणि धप्पकन खाली पडला. तिघंही हसले.

आईनं ते हसू पाहिलं. तीन वेगवेगळे चेहरे होते, एक सुरकुतलेला, एक सावळा, एक गोबरा. पण ओठ तिघांचाही डावीकडूनच आधी उचलला गेला. खाली तोच वळलेला सुळा डोकावला. वर तोच उडालेला कोपरा दिसला. तिघांच्या चेहऱ्यांत कुणी चौथंच माणूस हसत होतं, आणि ते माणूस कुत्र्याला हसत नव्हतं. मग तिघांचीही तोंडं एकाच वेळी मिटली. टक असा एकच आवाज झाला.

 तिनं मोजलं. मोजायची सवय अशा वेळीही सुटत नाही. नवी मापं आली तेव्हा कंडक्टरांच्या तोंडात तिनं केलेला एकच दात होता, बाईंच्या तोंडात एक, कारकुनाच्या तोंडात एक. प्रत्येकी एकच. बाकीचे दात त्या एकाच्या मागोमाग गेले होते.

पायऱ्या उतरताना तिला लेकीची आठवण झाली. घरी तर तिच्या हातचा दात तीन आठवडे लेकीच्या तोंडात होता. आणि गेला आठवडाभर खारू खालून शीळ घालत नव्हती. बेल वाजवत होती.

५

"आ कर."

"आई, आत्ता आलेय मी. हात तरी धुऊ दे."

"आ कर म्हणते ना."

आईनं तिला खिडकीपाशी नेलं, प्लेट काढली आणि उजेडात धरली. जो कोपरा तिनं दोन दिवस खपून अभंग ठेवला होता, त्याचा टवका उडालेला होता.

"काय चावलंस यानं?"

"काही नाही गं. तूच सांगितलंस ना, पुढच्या दातांनी काही तोडायचं नाही. पावसुद्धा कुस्करून खातेय मी."

आईनं दोऱ्याचा तुकडा घेतला आणि लेकीच्या समोरच्या दोन दातांमध्ये घालून पाहिला. तिथून एकेकाळी जाड पुठ्ठ्याची पट्टी सहज आरपार जायची. दोरा जाईना. तिनं जोर लावला तसा दोरा तुटला.

"शीळ घाल," ती म्हणाली.

खारूनं ओठ गोल केले, फुंकलं. नुसती हवा गेली. तिनं पुन्हा फुंकलं. तिचा चेहरा उतरला.

"मला वाटलं प्लेटमुळे येत नसेल," ती हळूच म्हणाली. "आई, एक सांगू? हसशील."

"नाही हसणार."

"जीभ फिरवते ना, तेव्हा दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं वाटतं. सगळं नीट लावलेलं आहे, पण आपलं काही नाही."

मग आईनं तिला सगळं सांगितलं. मागच्या खोलीत नेऊन दोन रांगा दाखवल्या, आकडे लिहिलेला कागद दाखवला, भिंतीवरचा जबडा दाखवला. खारू शिकलेली मुलगी, भुताखेतांना भीक घालणारी नव्हे. तिनं आधी साचे पाहिले, मग वाद घातला. प्लास्टर फुगतं. मापाचा ट्रे हलतो. डॉक्टर आळशी आहेत, एकच माप सगळ्यांच्या नावानं पाठवत असतील. आईला हे वाद ऐकून बरं वाटत होतं, कारण ते सगळे तिनंही घालून पाहिले होते. शेवटी खारूनं स्वतःच खालच्या उजव्या सुळ्यावर बोट ठेवलं. बराच वेळ ते तिथंच होतं.

"सोमवारी मी शाळेत काय तोंड घेऊन जाऊ?" ती म्हणाली.

"तुझं."

"एक दात नसलेलं?"

"एक नसू दे. बाकीचे तुझे राहतील. तुझ्या बापाची एवढीच एक खूण आहे माझ्याकडे, खारू. ती मी माझ्याच हातानं पुसणार नाही."

खारूनं टेबलावरची प्लेट उचलून तिच्यापुढे धरली. आईनं पकडीनं प्लेटचे आधी दोन, मग चार, मग आठ तुकडे केले. दात शेवटपर्यंत फुटेना. तो हातोडीनं फोडावा लागला.

६

जबडा फोडायचा होता, पण त्याआधी तिनं एक फोन केला. मास्तरांकडे तिच्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण होती. दुसऱ्या गावी तिची स्वतःची लॅब होती, चार माणसं हाताखाली. वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. तिच्याकडून खारूचा दात करून घ्यावा, असा आईचा विचार होता. आपला हात नको, दुसऱ्याचा चालेल.

"लेकीचा दात करायचाय," आई म्हणाली. "माझ्या हातानं नको वाटतंय."

 पलीकडे मागे कुठंतरी ग्राइंडर फिरत होता, तो थांबला.

"कोणता दात?" मैत्रिणीनं विचारलं.

"वरचा डावा. समोरच्याच्या शेजारचा."

"तुझ्या भिंतीवर जबडा आहे का अजून?"

"आहे. आत्ता फोडणार होते."

"फोड. मी माझा तीन वर्षांपूर्वी फोडला."

"मग?"

"मग काय. पूड करून नाल्यात सोडली. पण हात तोच ना गं. माझ्याकडची चारही पोरं माझ्याच हाताखाली शिकली."  मग ती अगदी हळू म्हणाली, "तू माझ्याकडून करून घेऊ नकोस. कुणाहीकडून नको. आमच्याकडे सगळ्यांचं छान चाललंय. ह्यांचं, पोरांचं. सगळे हसतमुख आहेत."

आणि ती हसली. फोनवर हसू दिसत नाही, पण ते संपताना तिचे दात मिटले तो आवाज आईला स्पष्ट ऐकू आला.

तिनं फोन ठेवला, जबडा खाली घेतला आणि फोडला. फोडून काही होणार नाही हे ऐकूनही फोडला, कारण हातावर हात ठेवून बसणं तिच्या रक्तात नव्हतं. मग मेणाच्या कांड्या, कोरण्या, ब्रश, सगळं एका खोक्यात भरून बांधून टाकलं. डॉक्टरांना कळवलं की काम बंद. उद्या काय खायचं हा विचार तिनं उद्यावर टाकला.

नंतर दवाखान्यातून नंबर मिळवून तिनं एकेका रोग्याला फोन लावले. कॅप काढून घ्या, दुसरीकडून करून घ्या, खर्च मी देते. पालथ्या घड्यावर पाणी. कुणी ऐकेना.

"छे हो ताई, इतकी मस्त बसलीय!" कंडक्टर म्हणाले. "अहो, कॅप कुठली आणि माझे दात कुठले, माझं मलाच कळेनासं झालंय."

७

सोमवारी खारू शाळेत गेली, दात नसलेली.

दारातून निघताना तिनं आरशात शेवटचं पाहिलं. वरच्या ओळीत डावीकडे चांगली करंगळीच्या नखाएवढी काळी खिडकी दिसत होती. तिनं मान ताठ केली आणि निघाली. आई दिवसभर रिकाम्या टेबलापाशी बसून होती. पंचवीस वर्षं लोकांच्या तोंडातली भोकं बुजवली, आणि आज लेकीच्या तोंडात एक भोक आहे म्हणून ती देवाचे आभार मानत होती.

संध्याकाळी खारू आली ती हसतच.

"पोरं काय म्हणाली?"

"एकजण म्हणाला, बाई, तुमचा दात पडला? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, माझाही पडला, दाखवू? मग अख्ख्या वर्गानं आ केलं, आई! अर्धा तास नुसते पडके दात बघत होतो आम्ही."

रोज संध्याकाळी आई दोरा घेऊन बसायची. मंगळवारी दोरा अडकत अडकत गेला. बुधवारी सरळ गेला. गुरुवारी वहीचा कागद गेला. खालचा सुळाही मागे फिरत होता. खारू म्हणाली, जिभेला आता कमी टोचतो. आई आकडे लिहीत होती. तिला वाटलं, एवढंच होतं. परकं बी आपणच पेरलं होतं, आपणच उपटलं, जमीन आपली आपल्याला परत मिळाली. दात नसला तर नसला, लेक सुटली.

शुक्रवारी संध्याकाळी जिन्याच्या तळातून शीळ आली. अर्धवट, फुसकी, शेवटी फाटलेली. पण शीळच. आई किल्ली हातात घेऊन खिडकीत उभी राहिली, आणि तिला हुंदका आवरेना. खालून खारू ओरडली, "अगं टाक ना किल्ली! रडतेस काय?"

८

त्यानंतरच्या बुधवारी दुपारी खारू लवकर घरी आली. शीळ नाही, बेल नाही. तिनं दार ठोठावलं.

"आई, इथं काहीतरी टोचतंय."

"कुठं?"

खारूनं ओठ वर उचलला.

आईनं तिला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं आणि काम करतानाचा भिंगाचा चष्मा डोळ्यांवर चढवला. हिरडी भरून आली होती, गुलाबी, निरोगी. तिच्या मधोमध तांदळाच्या कणीएवढं पांढरं टोक बाहेर आलं होतं.

हाडाची कपची असेल, ती मनात म्हणाली. जखम भरताना कधीकधी कपची बाहेर ढकलली जाते, डॉक्टरच सांगतात. किंवा मुळाचा राहिलेला तुकडा. ती उठली आणि कपाटातून महिन्यापूर्वीचा एक्स-रे काढून काचेवर धरला. खाच रिकामी होती. कण नव्हता. चोविसाव्या वर्षी त्या जागी तिसरा दात येत नाही, कुणालाच येत नाही.

ती परत आली, भिंग जवळ नेलं. टोक रुंद होतं, सपाट होतं, वरून चकचकीत होतं. दाताचीच कड होती ती. आणि त्या कडेचा एक कोपरा उडालेला होता.

"काय आहे?" खारूनं विचारलं.

आईला खोटं बोलायचं होतं. शब्द ओठांवर आलेही होते. पण लेकीच्या डोळ्यांत बघून तिला ते जमलं नाही.

"तोच आहे," ती म्हणाली.

खारूचा चेहरा पांढराफटक पडला. खाली दुकानात कुणीतरी खिळे तोलत होतं, त्यांचा खळखळाट वर येत होता. 

"डॉक्टरांकडे जाऊया?" आई म्हणाली.

"नको. नवा दात आला म्हणून त्यांना आनंदच होईल." खारूनं खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. "तू काढ."

"दुखेल, बाळा. माझ्याकडे सुई नाही, गुंगीचं औषध नाही."

"दुखू दे. माझं तोंड आहे."

आईनं पाणी उकळलं. बांधून ठेवलेलं खोकं उघडलं, त्यातला सगळ्यात बारीक चिमटा काढून पाण्यात टाकला, साबणानं हात दोनदा धुतले.  तिनं ते पुसले आणि चिमटा उचलला. मग डाव्या हातानं लेकीची हनुवटी धरली.

चिमट्याची दोन टोकं त्या पांढऱ्या कणीवर बसली. आईनं हळू ओढलं. कणी हलली, केसभर बाहेर आली. खारूच्या घशातून बारीक आवाज निघाला, पण तिनं तोंड मिटलं नाही. आईनं आणखी ओढलं.

आणि मग कणी आत गेली. चिमटा निसटला नव्हता. आतून कुणीतरी एक हिसका देऊन ती मागे ओढली होती, आणि चिमट्यासकट आईचा हात लेकीच्या ओठावर जाऊन आपटला.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"सोडू नकोस," खारू उघड्या तोंडानं, जमेल तसं बोलली.

आईनं पाय फरशीवर रोवले आणि पकड आवळली. आतून पुन्हा ओढ आली, संथ, दमदार, घाई नसलेली. तिचं मनगट इंचाइंचानं पुढे जाऊ लागलं. खारूनं डोळे घट्ट मिटले, खुर्चीचे हात सोडले आणि दोन्ही हातांनी आईचं मनगट धरून तीही ओढू लागली.